म्हशीला पहिली लिपी

कुडशी गावात मार्चच्या तपासणीत हौसाक्काच्या म्हशीला विशेषनाम म्हणून मान्यता मिळाली आणि शेजारच्या बाईंना मिळाली नाही.

कुडशीच्या नगरपंचायतीत एक इंग्रजी रजिस्टर आहे. त्यात गावातल्या प्रत्येकाच्या नावे एक वाक्य असतं. विशेषनाम ठरलेल्याला पहिली लिपी मिळते, म्हणजे मोठं अक्षर. बाकीचे दुसऱ्या लिपीत, लहान अक्षरांत राहतात. बाईंचं वाक्य होतं, 'एक बाई शाळेत शिकवते.' त्यात मोठं अक्षर होतं, पण वाक्याच्या सुरुवातीला असल्यामुळे ते 'एक'ला गेलं होतं. बाईंना त्या 'एक'चाही राग यायचा.

तपासणीची रीत सरळ आहे. तपासनीस हाक मारतो आणि एकच मान वळली तर ते विशेषनाम. "रत्ने!" म्हटल्यावर अख्ख्या गल्लीत एकट्या म्हशीने मान वळवली होती. मग तपासनीस गुरव बाईंच्या दारात आला आणि कागद बघून ओरडला, "शरयू!" ठेवणीतली साडी नेसून उभ्या असलेल्या बाईंनी, ही शरयू कोण बुवा, म्हणून गल्लीत डोकावून पाहिलं.

त्यांचा तरी काय दोष? ते नाव लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं गेलं, आणि ते तांदूळ गोळा झाल्यावर कुणी घेतलंच नाही. सासूबाई 'सूनबाई' म्हणायच्या, नवरा होता तोवर 'अगं ए' म्हणायचा, आणि शाळा एकतीस वर्षं 'बाई' म्हणत आली. गुरवाने "बाई!" अशीही हाक मारून पाहिली. चार माना वळल्या.

"गुरव, तू माझ्या हाताखाली शिकलास ना रे?" बाई म्हणाल्या.

"म्हणून तर, बाई. नियम तुम्हीच शिकवलात. छड्यासुद्धा खाल्ल्यात मी त्यापायी."

बाई यंदाच निवृत्त झाल्या होत्या. शाळेच्या व्हरांड्यात संगमरवरी पाटी लागणार होती आणि तिच्यावर फक्त विशेषनामं कोरायची असा ठराव होता. सामान्यनामांसाठी तळाशी 'व इतर' एवढी जागा होती. फेरतपासणी शुक्रवारी आणि कोरणारा शनिवारी येणार होता. एकतीस वर्षं पोरांकडून मोठी अक्षरं गिरवून घेतली आणि आता आपण 'व इतर'मध्ये जाणार, या विचाराने बाईंना अन्न गोड लागेना.

आठवडाभर त्या आरशासमोर उभ्या राहून स्वतःलाच हाक मारत होत्या. "शरयू!" मान काही वळत नव्हती, कारण हाक समोरूनच येत होती. आणि भिंतीपलीकडून दिवसभर कानावर पडायचं, "रत्ने, माझ्या सोन्या, खाल्लंस का गं? थांब, आले आले!" बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काय आहे काय त्या म्हशीत? धड काळीही नाही. आपण हजार पोरांना विचारलं असेल, डबा खाल्लास का रे. आपल्याला कुणी विचारलं? त्या भिंतीला कान लावून जळत बसायच्या आणि हौसाक्का गप्प झाली की त्यांना आणखीच वाईट वाटायचं.

शुक्रवारी गुरव आला. बाईंनी चौकट घट्ट धरली, मान वळवायच्या तयारीत.

"शरयू!"

आणि नेमकी त्याच क्षणी पलीकडे हौसाक्का म्हणाली, "रत्ने, हिकडं बघ गं!"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. म्हैस पेंडीच्या टोपल्यात तोंड घालून होती, तिने कानसुद्धा हलवला नाही. गुरवाने पेन काढलं आणि हौसाक्काला आणखी दोनदा हाक मारायला लावली. दोन्ही वेळा बाईंचीच मान वळली.

"तीनदा, एकच मान," गुरवाने लिहून घेतलं.

"आवं पर रत्नी माझी म्हस हाय!" हौसाक्का ओरडली.

"होती, आक्का. आता रजिस्टरात 'एक म्हैस दूध देते' एवढंच राहील. तुम्हाला तिला त्या नावाने हाक मारता येणार नाही." मग तो बाईंकडे वळला. "बाई, हरकत असेल तर आत्ताच सांगा."

बाईंनी शरयूचा विचार केला. तिच्यासाठी रडावं इतकी तिची ओळखच नव्हती.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "फक्त त्या कोरणाऱ्याला सांग, मोठ्या 'आर'ची तंगडी रेषेखाली जाता कामा नये. तू नेहमी घालवायचास."

शनिवारी पाटी लागली. 'रत्नी, बी. ए., बी. एड.' मुख्याध्यापकांनी हार घातला.

रविवारी सकाळी हौसाक्काने गोठ्यात पेंडीचं टोपलं म्हशीपुढे सरकवलं. मग सवयीनं तिच्या तोंडून निघालंच, "रत्ने, खाल्लंस का गं?"

"नाही अजून," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या आणि पदराला हात पुसत लगबगीने भिंतीपाशी आल्या.

हौसाक्काने त्यांच्याकडे पाहिलं, नियम आठवला, आणि घरातून कालवणाची वाटी आणून भिंतीवरून पुढे केली. "खा मग, माझ्या सोन्या," ती म्हणाली.

म्हैस दावणीवरून बाईंकडे टक लावून बघत होती. त्या दिवशी तिने पेंडीला तोंड लावलं नाही.