गमरेकाकांचं पाचवं शील

आमच्या चाळीतले गमरेकाका पंचशील म्हणताना चार शीलं म्हणायचे आणि पाचव्याला तोंड मिटून उभे राहायचे.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्हा बौद्धांच्या घरी लग्न असो, बारसं असो, नव्या खोलीत राहायला जाणं असो की कुणी गेल्याचा विधी असो, सुरुवात पंचशीलाने होते. बौद्धाचार्य एकेक शील सांगतात आणि जमलेले सगळे हात जोडून ते त्यांच्यामागून म्हणतात. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही आणि नशापाणी करणार नाही. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत पहिल्या चार शीलांना गमरेकाकांचा आवाज असा लागायचा की तिसऱ्या मजल्यावरच्यांनी खाली यायची गरज नसे. उच्चार स्वच्छ, मान ताठ, डोळे मिटलेले. आणि पाचवं आलं की रेडिओ बंद करावा तसा आवाज बंद. हात जोडलेलेच, चेहरा शांत. मग शेवटच्या 'साधू, साधू, साधू'ला पुन्हा तोच दणका.

कारण साधं होतं. काका दारू प्यायचे.

पिणारे काही ते एकटे नव्हते. आमच्या मजल्यावरचे मोहिते पाचवं शील खणखणीत म्हणायचे आणि संध्याकाळी नाक्यावरच्या बारमध्ये काकांच्याच टेबलाला बसायचे. काकांना ते जमत नसे. "चौथं काय हाय? खोटं बोलायचं नाय. मग पाचवं म्हटलं की चौथं पण मोडलं. एकाच्या जागी दोन कशाला मोडू?" असं ते मोहित्यांना विचारायचे. "खोटं बोलायचं नाय, बाकी काय ते बघून घेऊ," हे काकांचं पालुपद.

चाळीला याची सवय होती. बाहेरच्यांना नसायची. एका लग्नात मुलाकडचे एक आजोबा काकांच्या शेजारी उभे होते. चार शीलं एवढ्या जोरात म्हणणारा माणूस एकदम गप्प झालेला बघून त्यांना वाटलं, बिचारा विसरला. त्यांनी कानाशी तोंड नेऊन सांगून पाहिलं. काका गप्प. त्यांनी आवाज चढवला, "अहो, पाचवं! पाचवं राहिलं!" सगळा मांडव वळून बघायला लागला. काकांनी डोळे उघडले आणि नम्रपणे म्हणाले, "पाठ हाय मला. म्हणत नाय."

मी या चाळीत आलो तो बारावी करून. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान गावातली आमची शाळा, वडिलांना सही येत नाही. आत्याच्या खोलीत राहून दिवसा एका दुकानात काम करायचं आणि बाहेरून बी.कॉम. करायचं असा बेत होता. गमरेकाकांची खोली आत्याच्या खोलीला लागून, मधली भिंत नावालाच. काका पाणीखात्यात चावीवाले होते, म्हणजे रस्त्यातली चावी फिरवून वस्तीला पाणी सोडणारे. निवृत्त झाले तरी पहाटे पावणेपाचला जाग यायचीच. माझ्या परीक्षेच्या दिवसांत आमचं पिंप ते परस्पर भरून ठेवायचे. मी संकोचलो तर म्हणायचे, "तू अभ्यास कर. पाण्याचं मला कळतं, तुझ्या पुस्तकातलं कळत नाय."

घराण्यातला मी पहिला पदवीधर झालो, तो निकाल चाळीत काकांनीच जाहीर केला. गॅलरीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं: "आपला पोरगा बी.कॉम. झाला! बावन्न टक्के! फार नायत, पण पास हाय!" तेव्हापासून ते मला 'बीकॉम' म्हणतात. टक्क्यांचं मला तेव्हा वाईट वाटलं. आज वाटतं, माझं एवढं खरं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नाही.

पिण्याच्या बाबतीतही तोच खरेपणा. इतर पुरुष "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत निघायचे. काका सात वाजता चपला घालून गॅलरीतून जायचे आणि कुणी "काका, कुठं?" विचारलं की सांगायचे, "दारू प्यायला. साडेआठला येतो." आणि साडेआठला यायचे. पाणी सोडायची सवय, घड्याळ चुकायचं नाही. एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घेता का कधी?" काका म्हणाले, "कधी नाय, रोज. एक क्वार्टर. शनिवारी मोहिते पाजतो म्हणून जरा जास्ती." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहतच राहिले. सोबत गेलेले मोहिते त्या दवाखान्यात पुन्हा कधी गेले नाहीत.

काकांच्या पाचव्या शीलाची सोय सुमनकाकींनी लावली होती. त्या नेहमी काकांच्या डाव्या हाताला उभ्या राहायच्या. पाचवं शील त्या एकदा सगळ्यांबरोबर म्हणायच्या आणि लगेच, घाईघाईने, दुसऱ्यांदा. मी नवीन असताना विचारलं, तर हसून म्हणाल्या, "दुसरं ह्यांच्या वाटचं. कुणीतरी म्हणायला नको?" आमचे बौद्धाचार्यही भले गृहस्थ. पाचवं झालं की ते काकींच्या दुसऱ्या खेपेसाठी थोडं थांबायचे, मगच 'साधू' म्हणायचे. ते थांबणं हा आमच्या चाळीचा रिवाजच झाला.

त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. सात ते साडेआठ हा काकींचा एकटीचा वेळ. काका आल्याशिवाय त्या जेवत नसत. सोडा म्हणून त्यांना भांडताना मी कधी ऐकलं नाही, आणि भिंत नावालाच असल्यामुळे मी सगळं ऐकत असे. एकदाच, गॅलरीत सुकट निवडत बसल्या असताना, त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अवो, कधी सोडाल काय वो?"

काकांचा एक पाय चपलेत गेला होता. ते तसेच थांबले. माणूस खोटं बोलणारा नव्हता, म्हणून खरोखर विचार केला.

"नाय वाटत," ते म्हणाले.

"बरं. छत्री घेऊन जावा."

ते गेले. काकी निवडून झालेली सुकट पुन्हा पहिल्यापासून निवडत बसल्या.

तीन वर्षांपूर्वी काकींना ताप आला आणि पंधरा दिवसांत त्या गेल्या. पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसाच्या विधीला, सगळी चाळ जमली. काका चार शीलं म्हणाले, नेहमीपेक्षा हळू. पाचव्याला गप्प झाले. आम्ही सगळ्यांनी म्हटलं आणि बौद्धाचार्य सवयीने थांबले. त्या थांबलेल्या वेळात कुणीच काही बोललं नाही. बौद्धाचार्यांच्याही ते लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. खाली रस्त्यावर एक टॅक्सी हॉर्न वाजवत गेली, तेवढंच ऐकू आलं.

त्या संध्याकाळी सात वाजता काकांनी चपला घातल्या, गॅलरीत आले, कठड्याला धरून उभे राहिले. मग आत जाऊन चपला काढून ठेवल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. पाचव्या दिवशी बारमधला वेटर विचारपूस करायला वर आला.

"काका, तबियत खराब है क्या?"

"तबियत ठीक हाय. बंद किया."

"कब तक?"

काकांनी पुन्हा खरोखर विचार केला. "अभी तो आज."

पुढची दोन वर्षं ते 'आज'च चाललं. हात थरथरायचे ते थांबले, जेवण वाढलं. मोहित्यांनी नाना प्रकारे आग्रह करून पाहिला. काका म्हणायचे, "तू पी, मी शेंगदाणे खातो," आणि खरंच शेंगदाणे खाऊन यायचे. पण कार्यक्रमात पाचव्या शीलाला ते अजूनही गप्पच राहत. चाळीला हे कळेना. सोडली तर आहे, मग म्हणायला काय हरकत? शेवटी माझ्यातला पदवीधर जागा झाला. मी ग्रंथालयात बसून अर्थ शोधला आणि काकांना समजावून सांगितला. म्हटलं, काका, यात 'मी पीत नाही' अशी ग्वाही नाहीच. 'दूर राहायला शिकेन' एवढाच नेम आहे. शिकणाऱ्यानेसुद्धा म्हणायला हरकत नाही.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ठाऊक हाय रे, बीकॉम. काकीनं लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. पण मला तेव्हा शिकायचंच नव्हतं. मग शिकेन असं तरी कसं बोलू?"

"आणि आता?"

"आता बघतोय."

आणि मग काकांचं दार लागायला लागलं.

चाळीत संध्याकाळी सात वाजता कुणी दार लावत नाही. लावलंच तर आत भांडण असतं, नाहीतर मुलगी बघायला मंडळी आलेली असतात. काका रोज सातला दार लावायचे आणि दहा मिनिटांनी उघडायचे. मी विचारलं, "काका, दार का लावता?" तर म्हणाले, "काम हाय." एवढंच. दारू प्यायला जातोय हे सगळ्या गॅलरीला सांगणारा माणूस पहिल्यांदाच अर्धं बोलला.

मोहित्यांना तर पर्वणीच. "सुटत नाय रे ती," ते मला म्हणाले. "आत बसून घेतो. दहा मिनिटांत एक क्वार्टर, आरामात. मी सांगतो तुला अनुभवाने." मी त्यांच्यावर चिडलो, पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. पिण्याचं मला तेवढं वाईट वाटलं नसतं. प्यायले असते तर पुन्हा सोडली असती. पण काका लपवायला लागले असतील, तर मग माझे ते बावन्न टक्केसुद्धा मला खरे वाटले नसते.

वैशाख पौर्णिमेला आत्याने खीर केली. वाटी घेऊन मी बरोबर सात वाजता काकांच्या दाराशी गेलो. हे बरोबर नव्हतं, ते मला तेव्हाही कळत होतं. दार लागलेलं. आतून काकांचा आवाज येत होता, पण भिंतीपलीकडे पोचणार नाही इतका दबका. पहिलं शील. दुसरं. तिसरं. चौथं. मग बराच वेळ काही नाही. आणि मग पाचवं. शाळेत कविता पाठ म्हणणाऱ्या मुलासारखं, एकेक शब्द जपून. थोडं थांबून, पुन्हा एकदा पाचवं.

मी मागे फिरायच्या आत दार उघडलं.

"किती वेळ उभा हायस?"

खोटं बोलायची ती जागा नव्हती. "पहिल्यापासून," मी म्हटलं.

काकांनी वाटी घेतली. भिंतीवर दोन तसबिरींच्या खाली काकींचा फोटो होता आणि समोर जमिनीवर चटई. "दुसरं तिच्या वाटचं," काका म्हणाले. "तिनं माझं एवढी वर्षं म्हटलं. आता मी तिचं म्हणतो."

"मग काका, सगळ्यांसमोर का नाही म्हणत?"

"तिथं म्हटलं आणि उद्या मोडलं, तर चाळीला काय तोंड दाखवू? इथं मोडलं तर फक्त तिला सांगायचं." ते खिरीकडे बघत म्हणाले, "तिला सवय हाय."

मी मोहित्यांना एवढंच सांगितलं की आत दारू नाही. "बघितलंस काय?" त्यांनी विचारलं. "ऐकलं," मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही.

माझं लग्न झालं तरी मी आत्याच्याच खोलीत होतो, आणि यंदा माझ्या मुलीचं नामकरण होतं. गावाहून आई-वडील आले होते, आणि हौसेने खीर मी स्वतः केली होती. काका माझ्या उजव्या हाताला उभे राहिले, म्हणजे काकींच्या जागी मी आलो. हे ठरवून झालेलं नव्हतं. चार शीलं झाली, काकांचा आवाज पूर्वीसारखा लागला होता. पाचवं आम्ही सगळ्यांनी म्हटलं, काका गप्प. आणि बौद्धाचार्य थांबले. काकी जाऊन तीन वर्षं झाली तरी त्यांची ती सवय सुटलेली नाही.

मला ते रिकामं थांबणं सोसेना. मी घाईघाईने दुसऱ्यांदा सुरुवात केली. दोन शब्द झाले असतील नसतील, काकांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

"तुझं झालं ना म्हणून? मग गप," ते पुटपुटले. "हे माझं हाय."

आणि त्यांनी पाचवं शील म्हटलं. पहिल्या चारांच्याच आवाजात, सगळ्या चाळीसमोर, एकट्याने. बौद्धाचार्य 'साधू' म्हणायचं विसरले. शेवटी ते काकांनीच सुरू केलं. मोहिते बाजूला उभे होते. त्यांनी त्या दिवशी आपलं पाचवं फार हळू म्हटलं होतं, असं मला आत्याने नंतर सांगितलं.

संध्याकाळी सातला शेजारचं दार लागलं. मी मुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होतो. कान लावायची गरज नव्हती; आज आवाज दबका नव्हता, आणि भिंत नावालाच आहे. पाच शीलं झाली, पाचवं दुसऱ्यांदा झालं. मी समजलो, संपलं. तेवढ्यात काकांचा साधा, बोलतानाचा आवाज आला.

"आज सगळ्यांसमोर म्हटलं. ऐकलंस काय गो?"

मी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"खीर पातळ होती मात्र."