गव्याच्या पापणीवरची गाठ

एका जंगलात, बाळांनो, धोंडोबा नावाचा गवा राहायचा. त्याच्या पापणीवर एक गाठ आली. सगळे म्हणाले, रांजणवाडी आहे, शेक दे. धोंडोबाने शेक देऊन देऊन पापणी लाल केली. गाठ काही हटेना.

शेवटी तो मुंगूसबाईंकडे गेला. त्या जंगलातल्या रोगतज्ज्ञ. बाईंनी गाठीचा कणभर तुकडा काढला, त्याचा पातळ काप रंगवून काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

पेशींच्या पोटात तेलाचे बुडबुडे! बाईंचं शेपूट फुललं. पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग, लाखात एखाद्यालाच होणारा. आपल्या नावाचा एखादा रोग असावा, अशी त्यांची फार दिवसांची हौस होती. "मुंगूसरोग," त्यांनी हळूच म्हणूनही पाहिलं.

मग बाहेर बसलेला धोंडोबा आठवला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. गाठ आसपासच्या कातडीसकट लगेच कापायला हवी होती. नाहीतर आधी डोळा जाणार, मागोमाग धोंडोबा.

पण कापायला जंगलाच्या राजाचा, सिंहमहाराजांचा हुकूम लागे. आणि तिथली रीत अशी, की काही नवं सापडलं तर निकाल महाराजांच्या नजरेचा.

सिंहमहाराज आले. त्यांनी जन्मात सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता, पण तसं कबूल करायला ते काही खुळे नव्हते. त्यांनी डोळा भिंगाला घट्ट चिकटवला.

"केस दिसताहेत," महाराज म्हणाले. "जाड, रुबाबदार केस."

ते त्यांच्याच पापणीचे होते.

मग प्रधान अस्वलाने डोळा लावला. "वा महाराज! केसच केस!" त्याला तर आणखी दाट दिसले.

"केसांचा रोग आहे," महाराज म्हणाले. "भादरा त्याला!"

मुंगूसबाईंनी तोंड उघडलं. महाराजांचा पंजा पाहिला. धोंडोबाचा सुजलेला डोळा पाहिला. मग हात जोडले.

"काय नजर आहे महाराजांची! याला सिंहरोगच म्हणायला हवं. फक्त केस मुळासकट जायचे तर गाठ कापावी लागेल. भोवतीच्या कातडीसकट."

"मी तेच म्हणणार होतो," महाराज म्हणाले.

गाठ निघाली. डोळा वाचला, धोंडोबाही वाचला. तो भला मोठा हार घेऊन महाराजांचे आभार मानून आला आणि पट्टी बदलायला मुंगूसबाईंसमोर बसला.

"बाई, राग मानू नका, पण एक विचारतो. महाराजांना एका नजरेत कळलं. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हाला कसं नाही हो दिसलं?"

"डोळा मिटा," मुंगूसबाई म्हणाल्या.

तात्पर्य: नेहमी खरं बोलावं, पण महाराज ते आधीच बोलून गेलेत, असं सांगून बोलावं.