जास्त व्होल्टेजची तक्रार

शनिवारी सकाळी जयवंतराव चहाचा कप घेऊन माडीवर निघाले होते. जिन्यातच त्यांच्या कानावर मुलीचं बोलणं पडलं. यशोधरा फोनवर मैत्रिणीला मोठ्या खुशीत सांगत होती, "अगं, व्होल्टेज कमी केलं मी. आता काय मस्त चाललंय!"

कपातला निम्मा चहा बशीत सांडला. जयवंतरावांची चौतीस वर्षं लाइनमन म्हणून डिंगोऱ्याच्या आसपासचे खांब चढण्यात गेली होती. या चौतीस वर्षांत लोकांनी त्यांना लग्नाच्या मांडवात, मयतीला, एसटीच्या दारात, एकदा तर न्हाव्यापुढे अर्ध्या गालाला साबण असताना गाठून एकच गाऱ्हाणं ऐकवलं होतं, की व्होल्टेज कमी आहे. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी ते वाक्य ऐकलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. आणि आता पोटची पोरगी मुद्दाम, हौसेनं व्होल्टेज कमी करून वर आनंद साजरा करत होती.

"काय कमी केलं म्हणालीस?" दारातूनच ते गरजले.

"प्रोसेसरचं व्होल्टेज, पप्पा. कम्प्युटर तापत होता ना, म्हणून."

कम्प्युटर तापत होता हे खरं होतं. वर पत्रा, एप्रिल महिना, आणि यशोधराचं काम अवजड. अवसरीला इंजिनिअरिंग शिकून आल्यापासून ती न बांधलेल्या बंगल्यांच्या फिल्म बनवायची. विटेला वीट लागायच्या आत मालकाला सगळ्या खोल्यांतून फिरवून आणायचं, असा तो धंदा. पुण्याच्या एका ऑफिसनं नमुन्याची फिल्म मागितली होती, आज संध्याकाळी पाचच्या आत. पसंत पडली तर घरी बसून काम. नाहीतर सोमवारी पुण्यातल्या दुसऱ्या नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि त्यासाठीची बॅग भरून कोपऱ्यात तयार होती. ती बॅग दिसली की जयवंतरावांना राग यायचा. घरातल्या कुणाशीच ते हे बोलले नव्हते, पण चार दिवस येता-जाता त्या बॅगेला लाथ मात्र मारत होते.

"मोटारीला व्होल्टेज कमी पडलं की काय व्हतं?" त्यांनी विचारलं.

"मोटार जळते."

"मंग?"

"पण ही मोटार नाहीये पप्पा. कंपनी प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन ठेवते. जास्तीचं सगळं उष्णतेत जातं. मी थोडं कमी केलं. काम तेवढंच होतं, आणि तापत नाही. पहाटेपासून चालूय, एकदाही बंद पडला नाही."

"म्हंजी कंपनीवाल्यांना अक्कल न्हाई, आन तुला हाय?"

"हो," यशोधरा म्हणाली.

तो 'हो' जयवंतरावांना फार झोंबला. मोटारी कशा जळतात हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं, जळक्या वायंडिंगचा वास त्यांच्या नाकात कायमचा बसला होता. ही पोरगी पाचच्या आत ते डबडं जाळणार आणि सोमवारी पुण्याला जाणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"पाच वाजेपर्यंत कुणी हात लावायचा नाही याला," असं बजावून तिनं दार लावून घेतलं.

ठीक आहे, नाही लावत हात. आतून कमी केलंय ना? मग आपण बाहेरून वाढवू. नळ बारीक सोडला असेल तर टाकीच वर चढवायची, या हिशोबानं जयवंतरावांनी सोमाजीला फोन लावला. सोमाजी त्यांच्या हाताखाली तयार झालेला, अजून नोकरीत होता.

"जय भीम, दादा."

"जय भीम. सोमाजी, लाइन लो हाय. आपल्या डीपीचं टॅप वाढव. तीन खटके."

"तीन? दादा, शेतीच्या मोटारी चालू हायेत म्हणून लो दिसतंय. तीन खटके लई व्हतील. आन सायबास्नी इचारावं लागंल..."

"खांबावर पाय कुठं ठिवायचा हे तुला सायबानं शिकवलं का मी?"

पाऊण तासात सोमाजी आळीच्या टोकाला डीपीखाली, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखाली, हजर झाला. आता, व्होल्टेज कमी-जास्त करणारं डीपीचं टॅप बदलायचं तर आधी लाइट बंद करावी लागते. ही गोष्ट जयवंतरावांइतकी पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हती. पण रागाच्या भरात माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, तिथे हे काय आठवणार! सोमाजीनं हँडल ओढलं आणि दुसऱ्याच क्षणी जयवंतरावांच्याच माडीवरून किंकाळी आली.

"पप्पाऽऽ!"

कम्प्युटरखालच्या बॅटरीनं दिवाळीतच मान टाकली होती. नवी घेऊ म्हटलं की जयवंतराव उसळायचे, "लाइनमनच्या घरात बॅटरी? लोक तोंडात शेण घालतील!"

वीस मिनिटांनी लाइट आली. यशोधरा जिन्यात उभी होती. तिचे डोळे लाल झाले होते, पण ती रडत नव्हती.

"झालं तेवढं काम वाचलंय," ती म्हणाली. "उरलेलं पाचला दहा कमी असताना संपेल. आता मिनिटभर जरी लाइट गेली तर मी सोमवारी पुण्यात. मग बसा इथं एकटेच व्होल्टेज वाढवत!"

जयवंतरावांना स्वतःचा इतका संताप आला की त्यांनी तो नेहमीप्रमाणे बायकोवर काढला. "तुला सांगता येत न्हवतं का मला, लाइट जाईल म्हणून?"

"मी व्हते का लाइनमन?" मोहिनीबाईंनी एवढंच विचारलं.

बारा वाजले. रानातल्या माणसांनी मोटारी बंद केल्या आणि सगळे जेवायला घरी आले. मोटारींचा लोड उतरला आणि वाढवलेलं व्होल्टेज उधळलं. जयवंतराव ताटावर बसले होते. डोक्यावरचा पंखा असा काही फिरायला लागला की ताटातला पापड उडून मोहिनीबाईंच्या मांडीवर गेला. देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेल्या बुद्धमूर्तीवरचा बल्ब फट्‌ झाला. भिंतीवरच्या व्होल्टमीटरचा काटा दोनशे तीस सोडून दोनशे साठला टेकत होता.

पाचच मिनिटांत शेजारचा रामदास दारात आला. त्याच्या हातात टीव्हीचा डबा होता आणि डब्यातून धूर येत होता. त्याच्या मागे सावळाराम, रानाकडच्या वस्तीवरचा, भरल्या तोंडानं आणि खरकट्या हातानं ओरडत.

"जयवंतराव, व्होल्टेज लई झालंय! फ्रीजमदनं वास यायलाय माझ्या! कमी करा!"

जयवंतराव ऐकतच राहिले. चौतीस वर्षांत ही तक्रार त्यांनी पहिल्यांदा ऐकली. क्षणभर कानाला बरंसुद्धा वाटलं, आणि मग डोक्यात तिडीक गेली. "जल्मभर कमी हाय, कमी हाय म्हणून माझा जीव खाल्ला. आता भरून दिलं तर पचंना व्हय रं तुमास्नी?"

"आवं, पण टीव्ही मेला माझा!"

तोवर सोमाजी डीपीशी पोचला होता. सगळे तिकडे पळाले. "दादा, पंधरा मिनिटं बंद करतो आन टॅप उतरवतो," असं म्हणून त्यानं हँडलला हात घातला. जयवंतराव त्याच्या आणि हँडलच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"पाच वाजेपर्यंत कुणी हात लावायचा न्हाई."

"का?" रामदास तापला. "सगळ्यांची घरं जाळता का आता?"

"न्हाई लावायचा म्हणलं ना!"

"आवं, पण का?"

"पोरगी चालली माझी पुण्याला!" जयवंतराव ओरडले. ओरडायला गेले रागानं, पण आवाज मधेच फाटला. मग, चौतीस वर्षं ज्या डोक्यानं काम केलं ते डोकं एकदाचं जागेवर आलं. "लोड टाका," ते म्हणाले. "लाइन बंद न करता व्होल्टेज उतरवायचं तर लोड टाकायचा. सावळाराम, मोटारी चालू करा सगळ्यांनी."

"येड लागलंय का? कांदा काढणीला आलाय माझा. आता पाणी दिलं तर वखारीत सडंल."

"कांद्याला कोण द्या म्हणतंय? पाइप उलटा फिरव. इहिरीतलं पाणी इहिरीतच सोड!"

सावळारामनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग सोमाजीकडे. सोमाजीनं मान डोलावली. आणि त्या दुपारी डिंगोऱ्यात तीन मोटारींनी तीन विहिरींतलं पाणी धो धो उपसून त्याच तीन विहिरींत ओतलं. आळीत रामदासनं शिव्या देत बादलीत हीटर टाकला. मोहिनीबाई लग्नापासूनच्या साड्या काढून इस्त्रीला बसल्या. बाहेर चाळीस अंशांचं ऊन, घराघरात हीटर आणि इस्त्र्या, आणि कुणाचाही धड पंखा चालू नाही, कारण जोरात फिरून जळेल ही भीती. जयवंतराव मीटरपुढे बसून खिडकीतून हुकूम सोडत होते.

"दोनशे चाळीस! रामदास, हीटर काढू नको!"

"पाणी उकळतंय!"

"मंग चहा टाक!"

रामदासनं पुढे जे टाकलं तो चहा नव्हता, पण हीटर मात्र काढला नाही.

चार वाजून छप्पन्न मिनिटांनी यशोधरा जिना उतरून खाली आली. घामानं निथळणारी आई, साड्यांचा ढीग आणि मीटरला डोळे लावून बसलेला बाप तिनं पाहिला.

"गेली," ती म्हणाली. "पोचली त्यांना."

जयवंतराव माडीवर गेले. मोटार तापली का हे बघायला लाइनमन तळवा लावत नाही, हाताची पालथी बाजू लावतो. तशी त्यांनी कम्प्युटरच्या पेटीला लावली. पुन्हा लावली. साऱ्या आळीत त्या दिवशी थंड असलेली ती एकच वस्तू होती. त्यांना राग आला, पण तो नक्की कुणावर काढायचा हे त्यांना कळेना.

ते खाली आले तेव्हा यशोधरा मोबाईलकडे बघत हसत होती. "पसंत पडली पप्पा. सोमवारपासून घरूनच. फक्त विचारतायत, गावाकडं लाइट जाते का?"

"मंग काय लिवलंस?"

"लिहिलं, वडील बंद करतील तेव्हाच जाते."

मोहिनीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. जयवंतराव हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातली बॅग उचलली, माळ्यावर पार मागच्या कोपऱ्यापर्यंत ढकलली आणि हात झटकले. एवढ्यात फोन वाजला. डीपीखालून सोमाजी बोलत होता, मागे रामदासचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"दादा, आता तरी उतरवू का टॅप? किती कमी करू, सांगा."

जयवंतरावांनी सवयीनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"थांब जरा," ते म्हणाले. मग फोनवर हात ठेवून, अजून घुश्श्यातच, त्यांनी हाक मारली, "यशे, किती कमी करायचं गं?"