सफरचंद पडेपर्यंत

सगळं गाव बदलण्यापेक्षा एक माणूस बदलणं सोयीचं पडतं, या तत्त्वावर आधुनिक मानसोपचार उभा आहे. आमची संस्थाही त्याच तत्त्वावर उभी आहे (शिवाय मोज्यांच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात). तिथे मी कारकून आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

आमचा रुग्ण मिलादिन हा माझा शेजारी. युद्धावरून परतला तेव्हापासून बार उडाला की हा गृहस्थ असेल तिथे आडवा होतो. एकदा चर्चमध्ये झाला, एकदा बँकेत (तिथे त्याचं बघून सगळेच झाले, बाहेर ट्रकचा टायर फुटला होता). इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. पण यंदा त्याच्या मुलीचं, येलित्साचं, लग्न ठरलं.

आमच्या सर्बियात, निदान आमच्या भागात, वधूच्या अंगणातल्या उंच झाडाच्या शेंड्याला सफरचंद बांधतात. नवरदेवानं ते बंदुकीनं पाडल्याशिवाय मुलगी बाहेर येत नाही. मग बापानं दारात उभं राहून तिचा हात त्याच्या हातात द्यायचा. मिलादिनला एवढंच हवं होतं, त्या दिवशी उभं राहायचं.

येलित्सा म्हणाली, "बाबांसाठी ते सफरचंद राहू दे ना."

"वेड लागलंय का पोरी?" नवरदेवाचा कुम म्हणाला. (कुम म्हणजे लग्नाचा साक्षीदार, त्याच्यापुढे पाद्रीसुद्धा आवाज खाली ठेवतो.) "सफरचंदाशिवाय लग्न लावायला आम्ही काय कचेरीत आलोय? बापाला औषध दे. आता निघालंय म्हणे."

निघालं होतं खरं. अळंबीतून काढलेलं, सरकारी परवानगीनं भलतंसलतं दाखवणारं. आधी काही आठवडे नुसतं बोलणं. मग औषध, डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत आणि दिवसभर उशाशी दोन तज्ज्ञ, ज्यांनी काहीही करायचं नसतं (या कामाचा मला दांडगा अनुभव असूनही माझा अर्ज नाकारला गेला). मिलादिन नशा करायला लागला, असा गावात बोभाटा झाला. आलुबुखाराच्या घरच्या दारूचा दुसरा पेला भरता भरता जो तो हळहळला.

औषधाच्या दिवशी मिलादिन रडला, हसला, युद्धात मारल्या गेलेल्या सोबत्याशी, राय्कोशी, बराच वेळ बोलला.

"काय म्हणाला रे तो?" मी नंतर विचारलं.

"आधी स्वतःची टोपी मागितली. मग म्हणाला, गाढवा, तुझी चूक नव्हती."

मला भरून आलं. हे मी संस्थेच्या वतीनं बोलत नाही.

अहवालात सुधारणा त्र्याऐंशी टक्के नोंदली गेली (उरलेले सतरा हवामानाच्या नावे).

लग्नाच्या दिवशी नवरदेव सकाळपासून पेल्यांचा पाहुणचार घेत आला होता. पहिला बार उडाला. मिलादिन पांढराफटक पडला, चौकट घट्ट धरली, पण उभा राहिला. आमच्या तज्ज्ञांनी एकमेकांना टाळी दिली. नेम मात्र चुकला होता. दुसरा चुकला, तिसराही चुकला. मग कुमला राहवेना, त्याच्या भावांना राहवेना, आचाऱ्यालाही राहवेना. ज्याच्या त्याच्या गाडीतून बंदुका निघाल्या. फांद्या पडल्या, धुराड्याची वीट पडली आणि मग मिलादिन पडला (गोळी कुणालाच लागली नव्हती). सफरचंद तेवढं जागच्या जागी.

येलित्सा रीत मोडून धावत बाहेर आली आणि लग्नाच्या पांढऱ्या झग्यासकट चिखलात बापाशेजारी आडवी झाली.

"बाबा, हात द्या," ती म्हणाली. "इथूनच सोपवा मला."

संस्थेनं तातडीनं बैठक घेतली. मात्रा कमी पडली, असं एकमतानं ठरलं; पुढच्या वेळी वाढवणार आहोत. बंदुकांची मात्रा हा विषय आमच्या कक्षेत येत नाही.

तुम्हाला आमच्या गावाचा राग आला असेल, आणि तो रास्त आहे. तुमच्याकडची माणसं सुसंस्कृत. तुमच्या घरच्या वरातीत फटाक्यांची माळ लागली, तेव्हा समोरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्यानं कळवळून हात जोडले होते, आणि तुम्ही नाचता नाचता थांबून त्यालाही हसून नमस्कार केलात.