गोल्फच्या चेंडूवरचा नंबर

बद्रीनाथ औताडे यांच्या मते मराठवाड्यात दोनच माणसं अशी झाली, की ज्यांच्या नजरेतून काही सुटलं नाही. त्यातला दुसरा कोण, याचा तपास अजून चालू होता. शेतकी खात्यात एकतीस वर्षं बियाणं तपासून ते निवृत्त झाले आणि बजाजनगरातल्या घराच्या दारावर त्यांनी पाटी लावली : 'खाजगी गुप्तहेर. आधी बेल वाजवावी.' बेल बंद होती. ती का बंद पडली, हे प्रकरण दोन वर्षं तपासाधीन होतं.

श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी शेजारचे शफीकभाई बेल न वाजवताच आत आले. हातात गोल्फच्या चेंडूंचा डबा, चेहरा उतरलेला.

"बद्रीभाऊ, लई घोळ झालाय. कंपनीतून एका सुपरवायझरची गुजरातेत बदली व्हायचीये. एक तर मी, नायतर दुसरा, साहेब ठरवणार. साहेबानं इचारलं, गोल्फ खेळता का? घाबरून हो म्हणून बसलो. आता उद्या सकाळी त्यांच्यासंगं खेळायचंय. वहिदाची यंदा दहावी, तिला घेऊन कुठं जाऊ?"

"खेळता येतं का?"

"परवा शिकलो. उसने चार चेंडू मारले, चारही गवतात गडप. म्हणून औरंगपुऱ्यातून सगळ्यात भारी डबा आणला. तर हे बघा, हरेक चेंडूवर नंबर! एक, दोन, तीन, चार. नवशिक्यानं कोणता काढायचा? चुकीचा काढला, की साहेब तिथंच वळखणार हा खोटं बोलला. दुकानदार म्हणतो, घ्या कोणताबी."

"कोणताबी?" बद्रीनाथांनी डोळे बारीक केले. "माणूस काहीतरी लपवतोय."

त्यांच्या पत्नी वच्छलाबाई कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. चातुर्मासात दर शनिवारी त्या दिवेलागणीपर्यंत मौन धरत. त्यांनी चेंडू एकदा निरखले, वाती बाजूला ठेवल्या, आतून पितळी पातेलं आणलं आणि त्याच्या काठावर बोट ठेवून नवऱ्याकडे पाहिलं.

"चहा टाकते म्हणतीये," बद्रीनाथांनी उलगडा केला. "बसा."

वच्छलाबाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि चहा टाकला.

चहा होईतो पहिला सिद्धान्त तयार झाला. "चष्म्याचा नंबर वाढला म्हणजे नजर कच्ची. तसंच हे. चार नंबर सगळ्यात कच्च्या माणसाला. तुमचा चार."

शफीकभाईंना हायसं वाटलं. ते अर्धा कप टिकलं.

"थांबा!" बद्रीनाथ उठलेच. "मैदानावर खड्डे किती असतात?"

"अठरा."

"अन् डब्यात नंबर चारच? पाच ते अठरा कुठं गेले? शफीकभाई, ही चोरी आहे."

दोघं रिक्षानं औरंगपुऱ्यात पोचले. दुकानदार बन्सीशेठनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, डबे असेच येतात. सगळीकडं चारच नंबर."

"सगळीकडं," बद्रीनाथांनी वहीत टिपलं, "म्हणजे टोळी मोठी आहे."

"अन् शिकाऊ माणसाला मी तर हे पिवळे देतो. साधे, स्वस्तातले. भारी चेंडू हरवला, की जीव हळहळतो अन् पुढचा फटका बिघडतो. डबा कोरा आहे तोवर बदलून न्या."

"हलका माल खपवतोय," बद्रीनाथ शफीकभाईंच्या कानात म्हणाले आणि त्यांना ओढतच बाहेर घेऊन आले.

घरी येऊन त्यांनी आयुष्यभराची विद्या पणाला लावली. बादलीभर पाण्यात मीठ घालून डब्यातले बाराही चेंडू सोडले. पोकळ बियाणं वर तरंगतं, भरीव तळाला जातं. बाराही तळाला गेले.

"अस्सल आहे," बद्रीनाथ गंभीरपणे म्हणाले. "उगवण शंभर टक्के."

"पण नंबर?"

"ते पाण्याला कळत नाही."

वच्छलाबाईंनी आता परात आणली, तांब्या आणला, एकेकाच्या काठावर बोट ठेवलं.

"जेवून जा म्हणतीये," बद्रीनाथ म्हणाले.

संध्याकाळी देवापाशी दिवा लागला. वच्छलाबाईंनी हात जोडले, मौन सोडलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "अवो, फुलंब्रीला पुतणीच्या लग्नात सगळ्या भावकीची भांडी नेली होती. आपलं पातेलं अन् दगडाबाईंचं, फरक काय होता?"

"काय नाय. सारखीच दिसायची."

"मग आपलं कसं वळखलं?"

"काठावर नाव घातलंय की!"

"तेच हाय हे. समजा चौघं खेळले, चेंडू सारखे, गवतात सरमिसळ व्हायची. एकानं एक नंबर घ्यायचा, दुसऱ्यानं दोन. पातेल्यावरच्या नावानं कधी भात चांगला शिजलाय का?"

शफीकभाईंनी डब्यातला एक चेंडू उचलला. "म्हणजे कोणताबी चालतो, भाभी?"

"कोणताबी. अन् तो दुकानदार पिवळे म्हणतोय तर पिवळेच आणा, भाऊ. नव्या सुनेच्या हाती पहिल्याच दिवशी चांदीचं ताट देतं का कुणी घासाया?"

चेंडू पुसून शफीकभाई दुकान बंद व्हायच्या आत धावले. मीठ घातल्याचं त्यांनी बन्सीशेठला प्रामाणिकपणे सांगितलं. बन्सीशेठनं तरीही डबा बदलून दिला.

रविवारी बद्रीनाथ वेषांतर करून मैदानावर गेले. वेषांतर म्हणजे डोक्याला टॉवेल आणि खांद्यावर शफीकभाईंची पिशवी. शफीकभाईंचे फटके चारी दिशांना गेले, पण प्रत्येक चेंडू झेंडूसारखा लांबून दिसे आणि सापडे. साहेबांचे पांढरे मात्र एकेक करून गेले ते गेलेच. सातव्या खड्ड्याशी त्यांची पिशवी रिकामी झाली. शफीकभाईंनी अदबीनं एक पिवळा पुढं केला.

साहेबांनी तो बोटांत फिरवला. आजूबाजूला पाहिलं. आवाज खाली आणला.

"शफीक, एक विचारू? हा नंबर नेमका कशाचा असतो? आठ महिने झाले, कुणाला विचारायची लाज वाटते."

बद्रीनाथांनी चष्म्याचा सिद्धान्त मांडायला तोंड उघडलं. शफीकभाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला आणि पातेल्यांची हकीकत साहेबांना सावकाश सांगितली. सांगता सांगता, आपण परवाच शिकलो, हेही सांगून टाकलं.

साहेबांनी पिवळ्या चेंडूवरचा नंबर पुन्हा एकदा पाहिला.

"मी विचारलं, हे कुणाला सांगू नका," ते म्हणाले.

"नाही, साहेब."

साहेबांनी चेंडू गवतावर ठेवला आणि नेम धरला. "आणि गुजरातेत जाऊ नका."