पुढे जाण्यास उत्सुक बस

डेपोतून निघणाऱ्या प्रत्येक बसला नावं ठेवणं हे माझं अधिकृत काम. ब्रेक, टायर, दिवे तपासायचे आणि कुठे काही बिघडलेलं दिसलं तर बस फाटकाबाहेर सोडायची नाही. याच गुणावर मला पर्यवेक्षक केलं होतं. बायकोचं म्हणणं, हेच काम मी घरी बिनपगारी करतो.

अशा माणसाला व्यवस्थापकांनी सकारात्मक विचारांच्या शिबिराला पाठवलं. गेलो तो कुरकुरत आणि परत आलो तो पार पालटून. जेवायला बसलो तर भाजीत मीठच नव्हतं.

"भाजीने मिठाचा हट्ट सोडलाय. छान केलं," मी म्हणालो.

बायकोने वाढता वाढता माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

डेपोत मी नियम केला, की यापुढे बिघाड नकारार्थी शब्दांत सांगायचा नाही. हा नियमच नकारार्थी आहे, असं एका कारकुनाने दाखवून दिलं; त्याला मी शिबिराला धाडलं. हॉर्न न वाजणारी बस शांतताप्रिय ठरली. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरला आम्ही अनुभवी म्हणू लागलो. बघता बघता डेपोतले बिघाड संपले. मग फिटर लोकांनी बसून काय करायचं? त्यांना फाटकाशी बाग करायला लावलं. बिचाऱ्यांनी ट्रकभर माती आणून मोठा ढीग घातला.

आमच्या या कामगिरीबद्दल 'बिघाडमुक्त डेपो' अशी ढाल जाहीर झाली. समारंभाच्या दिवशीच, फेरीला निघायच्या आधी, जुने ड्रायव्हर काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, ब्रेक धरत नाहीत."

"काका, सकारात्मक सांगा."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पेडल दाबलं की पार तळाला जाऊन टेकतं."

"म्हणजे बस पुढे जाण्यास उत्सुक आहे."

"फारच उत्सुक आहे, साहेब. आणि वहिनी समारंभाला याच बसने येणार म्हणाल्या."

"मग पुढची जागा द्या त्यांना. रस्ता छान दिसतो."

माझ्या मनात पाल चुकचुकली. तिलाही मी सकारात्मक राहायला सांगितलं.

मी मंचावर ढाल हातात घेतली आणि फोन वाजला. बायको होती.

"अहो, आमची बस थांबतच नाहीये. दोन थांबे मागे गेले. काका म्हणतात, साहेबांना विचारा."

"नाही म्हणू नये," माझ्या तोंडून गेलं. सवय, दुसरं काय.

ती म्हणाली, "बरं. आमची बस तुमच्याकडेच येतेय."

शिबिरातलं एकही वाक्य आठवेना. आठवला तो कपाळावरचा तिचा हात. ढाल तिथेच टाकून मी फाटकाकडे पळत सुटलो. "बाजूला व्हा, ब्रेक नाहीत," असं ओरडत होतो आणि मागून माइकवर व्यवस्थापक समजावत होते, "साहेब, सकारात्मक सांगा."

उतारावरून बस आली. काकांनी ती नेमकी फिटरांच्या मातीत घातली. सगळे वाचले. बायको खरचटलेला गुडघा घेऊन खाली उतरली.

"तुम्ही आपले घरी नावंच ठेवत जा. मला चालेल," ती म्हणाली. मला सगळ्यांसमोर रडू कोसळलं.

चौकशी झाली. बस मधल्या थांब्यांवर वेळ न दवडता थेट डेपोत पोहोचली, याबद्दल समाधान व्यक्त झालं. मातीचा ढीग कायम ठेवावा असंही ठरलं. मी ब्रेकसाठी फिटर परत मागितले, तर नकारात्मक वृत्तीबद्दल माझीच बदली बागेत झाली. आता प्रत्येक फेरीनंतर ढीग पुन्हा रचणं हे माझं काम.

फाटकाशी उभा असतोच, म्हणून बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, की हिला ब्रेक नाहीत. परवा तुम्हालाही सांगितलं होतं. तुम्ही घड्याळ पाहिलंत, "काही होत नाही हो," म्हणालात आणि खिडकीची जागा धरलीत.