शेवटचे दोन आकडे सत्तेचाळीस

भावोजींनी स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड स्वतःच रचलं होतं. ‘सूक्ष्मदर्शी, दूरदर्शी व त्रिकालदर्शी तपासतज्ज्ञ. यांच्या नुसत्या खाकरण्याने गुन्हेगार कबुलीजबाब देतो. गुप्त निरीक्षणाचा तीस वर्षांचा अनुभव.’ ते टाइप करताना मेहुणीने एकच दुरुस्ती सुचवली होती: ती तीस वर्षं तुम्ही पाण्याचे मीटर वाचत होता, तेही घालू का? भावोजी म्हणाले, “लोकांच्या परसात शिरायचं, वाकून बघायचं, आकडे टिपायचे आणि कोणाला न कळता निघून यायचं. याला गुप्त निरीक्षण नाही तर काय म्हणतात?”

मेहुणीचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. भावोजी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिची बहीण दुकानात येऊन रडली होती. “दिवसभर माझ्या डब्यांची झाकणं उघडून वास घेतात गं. तुझ्याकडे एक खुर्ची टाक, तिथे बसव.” बहिणीसाठी माणूस काय काय करतो. मेहुणीने खुर्ची टाकली. भावोजींनी तिला लगेच ‘मदतनीस’ हे पद देऊन टाकलं, बिनपगारी.

चार महिन्यांत त्यांनी दोन प्रकरणं हाताळली. पहिल्यात हरवलेली छत्री त्यांच्याच हातात निघाली. दुसऱ्यात काय हरवलं होतं तेच शेवटपर्यंत कळलं नाही. तिसरं प्रकरण घेऊन आला तो कोपऱ्यावरचा फोटोग्राफर.

“माझं पेज चोरलंय कोणीतरी,” तो म्हणाला. “दहा दिवस झाले. माझाच पासवर्ड टाकतो, आणि मलाच म्हणतं चुकीचा आहे. बाबांनी काढलेले सगळे जुने फोटो तिथेच आहेत. स्टुडिओत पाणी शिरलं तेव्हा निगेटिव्ह गेल्या, उरलं ते तेवढंच.”

“म्हणजे पासवर्ड आहे, पण पास होत नाही,” भावोजी म्हणाले आणि कोणी हसतंय का म्हणून थांबले.

मेहुणीने विचारलं, “नवीन पासवर्ड मागून पाहिलात का?”

“रोज दोन-दोनदा बटण दाबून मागतो. ‘कोड पाठवला आहे, नंबरच्या शेवटी ४७’ असं येतं. माझ्या नंबरच्या शेवटी बारा. हे सत्तेचाळीस कोण, देव जाणे.”

भावोजी उभे राहिले. “चोर आपला नंबर मागे ठेवून गेलाय. उद्दाम आहे. यापुढे त्या बटणाला हात लावायचा नाही, पुरावा बाटतो.”

पहिला सिद्धान्त असा, की सत्तेचाळीस हे चोराचं वय. ओळखीपाळखीत सत्तेचाळीस वर्षांचा एकच निघाला, कॅमेरे दुरुस्त करणारा. भावोजी त्याच्यासमोर तीनदा खाकरले. त्याने त्यांना खोकल्याची गोळी दिली. वर सांगितलं, “साहेब, मला माझाच फोन धड उचलता येत नाही, दुसऱ्याचं पेज कुठून उचलू?”

दुसरा सिद्धान्त फोटोग्राफरच्या बायकोवर होता. तिचा डोळे मिटलेला एक फोटो पेजवर होता, म्हणून सूडबुद्धी. ती कपडे वाळत घालत होती. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, “मला राग आला असता तर मी भांडले असते. एवढा कुटाणा करायला मला वेळ आहे का? आणि तुम्ही त्या चादरीवर उभे आहात.”

संशयाची सुई अशी चहूकडे टोचून झाली. दोरा मात्र सापडत नव्हता. तेव्हा फोटोग्राफरच्या तोंडून धाकट्या भावाचा विषय निघाला. दोघे मिळून स्टुडिओ चालवायचे. दोन वर्षांपूर्वी धाकटा म्हणाला, आता स्टुडिओत फोटो काढायला कोण येतंय, आपण काहीतरी वेगळं करू. थोरल्याला ते वडिलांचा अपमान केल्यासारखं लागलं. शब्दाने शब्द वाढला, ‘या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस’ इथवर गेला, आणि धाकट्याने तो शब्द पाळला. आई थोरल्याकडेच राहिली. त्या दिवसापासून घरात धाकट्याचं नाव कोणी काढत नव्हतं.

“झालं,” भावोजी म्हणाले. “वैर, संधी आणि माहिती. त्रिवेणी संगम.”

“त्याचा नंबर सत्तेचाळीस आहे का?” मेहुणीने विचारलं.

“नाही, सदतीस,” फोटोग्राफर म्हणाला.

“दहाचाच फरक,” भावोजी म्हणाले. “मुद्दाम ठेवलाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल सांगायला सुरुवात केली. तो घेऊन फोटोग्राफर पोलिसांकडे तक्रार करणार होता. मेहुणीने साडेतीन पानं निमूट टाइप केली. ‘आरोपी’ या शब्दापुढे नाव घालायची वेळ आली तेव्हा तिची बोटं थांबली. मीटरचे आकडे चुकले तर पुढच्या महिन्यात दुरुस्त होतात, भावाचं नाव पोलिसांत गेलं की ते कोण दुरुस्त करणार? ती म्हणाली, “नावाचं शुद्धलेखन विचारून येते,” आणि निघाली. भावोजी अहवाल काखेत मारून मागोमाग.

स्टुडिओत पडद्यावर रंगवलेला जिना होता, पुढे एक स्टूल, आणि आरशाशेजारी दोरीला बांधलेला कंगवा. भावोजींनी तो भिंगाखाली धरला. मेहुणी फोटोग्राफरला हळूच म्हणाली, “ते बटण माझ्यासमोर एकदा दाबा.”

“साहेबांनी नको म्हटलंय.”

“साहेब कंगव्यात आहेत.”

त्याने दाबलं. आतल्या खोलीत काहीतरी ‘टुंग’ वाजलं. मेहुणीने त्याला पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा ‘टुंग’. ती पडदा सारून आत गेली.

पलंगावर फोटोग्राफरची आई बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर वही, हातात फोन. ती एकेक आकडा बोटाने जुळवत वहीत उतरवत होती. पान भरत आलं होतं.

“काय लिहिताय, आजी?”

“धाकट्याचा निरोप,” म्हातारी दबल्या आवाजात म्हणाली. “थोरल्याला सांगू नकोस. रोज सहा आकडे पाठवतो. वरचं इंग्रजी मला वाचता येत नाही, आकडे येतात. बोलायला बंदी केली ना याने, म्हणून आकडे पाठवत असेल. आले की कळतं, पोर ठीक आहे.”

“पण त्यानेच पाठवलेत हे कशावरून?”

“दुसरं कोण आठवण काढणार माझी?”

फोटोग्राफर दारात येऊन उभा होता. त्याने आईच्या हातातून फोन घेतला. स्टुडिओचा जुना नंबर, ज्यावर पेज सुरू केलं होतं, तो त्याने सहा वर्षांपूर्वी आईला देऊन टाकला होता. स्वतःच्या फोनमध्ये तो ‘आई’ म्हणून ठेवला, आणि आकडे पुन्हा कधी पाहिले नाहीत. शेवटी ४७ होते.

मेहुणीने सहा आकडे वाचले, त्याने टाकले, नवा पासवर्ड ठरला आणि पेज उघडलं. खाली बारीक अक्षरात ओळ होती: मागचा पासवर्ड बारा दिवसांपूर्वी बदलला, याच फोनवरून.

“मीच,” फोटोग्राफर म्हणाला. “‘पासवर्ड जुना झाला, बदला’ असं आलं होतं. समोर गिऱ्हाईक हनुवटी वर करून बसलेलं. काहीतरी टाकलं आणि फोटो काढायला गेलो.”

“आत्मचौर्य,” भावोजी पुटपुटले. “फार दुर्मिळ.”

फोटोग्राफरचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. पेजवर एक न वाचलेला निरोप होता, चार दिवसांपूर्वीचा. त्याने तो वाचला. मग आईला ऐकू जावा म्हणून मोठ्याने वाचायला घेतला, आणि मध्येच फोन मेहुणीपुढे धरला, म्हणून तिला पुढचं वाचावं लागलं. ‘दादा, रोज सकाळी बाबांचा एक फोटो टाकतोस, आठ दिवस एकही नाही. बरा आहेस ना? आई बरी आहे ना? उत्तर नाही दिलंस तरी चालेल, नुसता फोटो टाक.’

बारा दिवसांत पेज बंद आहे हे जगात एकट्या धाकट्याच्या लक्षात आलं होतं, आणि साडेतीन पानं त्याच्यावरच खर्ची पडली होती.

“यात आकडे कुठेत?” आईने विचारलं.

“आकडे मी पाठवत होतो, आई,” थोरला म्हणाला. “चुकून.” तो पलंगाच्या कडेवर बसला. त्याने शेवटी सदतीस असलेला नंबर लावला, आणि पलीकडून उचलायच्या आत फोन आईच्या कानाला लावला.

भावोजी खाकरले. “धाकट्याचा यात संबंध आहे, हे सगळ्यात आधी कोणी सांगितलं होतं?”

मेहुणीने त्यांच्या काखेतला अहवाल ओढून काढला, उलटा करून पाहिला. पाठीमागची बाजू कोरी होती. दुकानात कच्च्या कामाला कागद लागतातच.